रांगेत आलेली म्हैस

नमस्कार. या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. चहा घेताना वाचायचं, थोडं घाबरल्यासारखं करायचं आणि कप विसळून कामाला लागायचं. आमच्या घरात या गोष्टींना थाराच नाही. मिस्टर हायस्कूलला विज्ञान शिकवतात. मांजर आडवं गेलं तर ते मांजराला वाट देतात आणि पुढं जातात, बस. मीही तशीच. म्हणून हे लिहायला बसायला मला जवळजवळ वर्ष लागलं. आणि आधीच सांगते, यात भूत नाही, आत्मा नाही, पांढऱ्या साडीत कुणी उभं नाही. एक म्हैस आहे.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते. घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांसाठी लेबलं डिझाइन करते — चटणी, गूळ, पापड, शिकेकाई. आता या कामात एआय आलंय हे तुम्हाला माहीत असेलच. काय हवं ते शब्दांत लिहायचं, मशीन चित्र काढून देते. पण चांगली चित्रं काढायला कॉम्प्युटर तगडा लागतो आणि तो एकट्यादुकट्याला परवडत नाही. म्हणून आम्ही चौघांनी मिळून एक घेतला.

चौघं म्हणजे — मी. दुसरा सलीम, दागिन्यांची डिझाइन्स करतो. कॉम्प्युटरमधलं जे काही कळतं ते त्यालाच, मशीन जोडली त्यानंच. तिसरा महेश, जयसिंगपूरला लग्नपत्रिका छापतो. आणि चौथी अश्विनी, गडमुडशिंगीची. ती लहान मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांसाठी चित्रं करते. आमची ओळख एका डिझाइनच्या क्लासमध्ये झाली. मी सगळ्यांत मोठी, म्हणून सलीमची वहिनी, महेशची अक्का आणि अश्विनीची ताई.

मशीन आमच्या घरी, पुढच्या खोलीत, शिलाई मशीनच्या शेजारी. कारण आमच्याकडं इन्व्हर्टर आहे आणि ती खोली थंड असते. बाकीचे आपापल्या घरून नेटवरून काम लावायचे. मशीन एका वेळी एकच चित्र काढते, त्यामुळे रांग. स्क्रीनवर दिसायचं — महेश, महेश, महेश, सलीम, महेश, अश्विनी... लग्नसराईत तर महेश सकाळी उठून चाळीस कामं लावून मोकळा व्हायचा. मग ग्रुपवर अश्विनीचा मेसेज, "महेशदादा, माझा एकच ससा हाय, मधी घे की!" आणि महेश, "ससा जाऊ दे पुढं. नवरी थांबंल." असं सगळं हसतखेळत चालायचं.

दोन तांत्रिक गोष्टी सांगते, कारण पुढं त्यांचा संबंध आहे. एक म्हणजे, प्रत्येकाचं चित्र प्रत्येकाच्या फोल्डरमध्ये आपोआप जमा होतं. दुसरं, प्रत्येक चित्रासोबत आपण लिहिलेला मजकूर आणि मशीननं वापरलेला एक लांबलचक आकडा, असं दोन्ही जपून ठेवलेलं असतं. तोच मजकूर आणि तोच आकडा पुन्हा दिला की पुन्हा तंतोतंत तेच चित्र येतं. कितीही वेळा द्या. हे सलीमनं मला करून दाखवलं होतं. कितीही नवलाची वाटली तरी शेवटी ही मशीन हिशेबीच.

गेल्या वर्षी दिवाळी होऊन दोन-तीन आठवडे झाले होते. सोमवार होता. सकाळचं आवरून साडेअकराच्या सुमाराला मी एका चटणीच्या लेबलचं काम लावलं. मजकूर साधा — तांब्याच्या ताटात लाल मिरच्या, मागं दगडी भिंत, सकाळचं ऊन.

चित्र आलं. मिरच्या होत्या, ताट होतं, भिंत होती. आणि भिंतीच्या पलीकडून एक म्हैस बघत होती.

मला हसूच आलं. एआय असल्या गमती करतं — कधी सहा बोटं काढील, कधी किटलीला दोन तोट्या. पण ही म्हैस चुकून काढल्यासारखी वाटत नव्हती. तिचं एक शिंग नेहमीसारखं वर वळलेलं आणि दुसरं खाली, मानेच्या बाजूला वाकलेलं. कपाळावर पांढरा ठिपका. मागं हिरव्या दाराची एक लहानशी खोली, शेतात विहिरीवर मोटर ठेवायला बांधतात तसली. मी चित्र ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं, "चटणीला गिऱ्हाईक आलं." सलीमनं हसण्याचं चिन्ह टाकलं. अश्विनीचं काहीच आलं नाही. मी मजकुरात थोडा बदल करून दुसरं चित्र काढलं, ते नीट आलं, आणि विषय संपला.

दुपारी महेशचा फोन.

"अक्का, माझ्या नवरीच्या शेजारी म्हस येऊन बसली हाय!"

"काय?"

"मांडव मागितलतो. केळीचे खांब, झेंडूच्या माळा. सगळं बेस आलंय, आणि नवरीच्या उजव्या हाताला ही! तुमचीच हाय बघा, त्या शिंगावरनं वळखली."

त्यानं पाठवलेलं चित्र मी मोठं करून बघितलं. तीच म्हैस. आणि तेच हिरवं दार, पण या वेळी जवळून. दारावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं — "मोटार चालू हाय. हात लाऊ नका."

संध्याकाळी सलीम घरी आला. त्याला म्हशीचं काही वाटलं नाही. म्हणाला, एकाच्या कामातलं दुसऱ्याच्या कामात मिसळतंय, मशीनची मेमरी नीट पुसली जात नाही, असं होऊ शकतं. सुरुवातीला एकदा महेशचा गणपती माझ्या फोल्डरमध्ये आलाच होता. पण दारावरची अक्षरं बघून तो खुर्चीत पुढं सरकला.

"वहिनी, ह्या मशीनला 'शुभविवाह' लिहायला येत न्हाय. नुसत्या अळ्या काढती. महेश अक्षरं हातानं टाकतोय सगळी. मग हे कुठनं आलं?"

"तूच सांग."

"अश्विनीनं म्हशीची गोष्ट लावली असंल. तिनं फोटो चढवला असंल एखादा, त्यातलं मिसळलंय."

हे पटण्यासारखं होतं. त्यानं सगळं पुसलं, मशीन बंद करून पुन्हा चालू केली आणि गेला.

मंगळवारी सकाळी नऊ वाजता त्यानं मला एकटीलाच एक चित्र पाठवलं. खाली लिहिलं होतं — "मी ठुशी मागितली होती. काळ्या मखमलीवर."

ठुशी नव्हती. मखमल नव्हती. सगळं चित्रच त्या जागेचं होतं. हिरव्या दाराची खोली, दगडी डोणी — म्हणजे जनावरांना पाणी प्यायची असते ती — आणि डोणीपाशी ती म्हैस, समोर बघत. लांब मागं पाण्याच्या दोन टाक्या अगदी चिकटून. एक जुनी, बुटकी, दगडी, तिच्या डोक्यावर पिंपळाचं रोप उगवलेलं, आणि एक नवी, उंच. डोणीच्या कडेला काढून ठेवलेल्या कोल्हापुरी चपला. एका चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला.

मी सलीमला फोन केला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "वहिनी, मी अश्विनीचं फोल्डर बघिटलं. शनवारनंतर तिनं काहीच लावल्यालं न्हाय. ससे हायत, झुकझुकगाडी हाय. म्हस न्हाय. फोटो तर एकपण चढवला न्हाय कवा. तुम्ही तिला इचारा एकदा."

म्हणून मी अश्विनीला फोन लावला. खरं तर थोडी तक्रार करायलाच.

"अश्विनी, अगं, तू म्हशीचं काही काम लावलंयस का?"

ती म्हणाली, "ताई, आबा कालपास्नं न्हाईत."

आबा म्हणजे तिचे वडील. पंच्याहत्तरीचे. दोन वर्षांपासून त्यांना विसरायला होत होतं — आधी किल्ल्या, मग नावं, मग घरातली माणसं. सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला अंगणातून उठून गेले ते आलेच नव्हते. पोलिसांत वर्दी दिली होती. एस.टी. स्टँड, दवाखाने, बहिणीचं गाव, नदीकाठ... सगळीकडं माणसं फिरत होती. अश्विनी रात्रभर जागी. आणि मी तिला म्हशीचं विचारत होते. मला फार लाज वाटली. "मी येते," एवढंच म्हटलं.

मिस्टरांनी शाळेत फोन करून रजा घेतली. गाडीवरून आम्ही गडमुडशिंगीला गेलो. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या, एकीमागं एक. मी मागं बसून नुसती प्रत्येक म्हाताऱ्या माणसाकडं बघत होते.

घरी अश्विनीची आई भिंतीला टेकून बसली होती. आम्ही काकू म्हणतो त्यांना. अश्विनीचा भाऊ संदीप नुकताच कुठून तरी शोधून परत आला होता, गाडीची किल्ली हातातच. मी काकूंजवळ बसले. काय बोलायचं अशा वेळी? पाणी दिलं, हात धरला. मोबाईल पर्समध्ये होता आणि तो बाहेर काढायचा नाही असं मी येतानाच ठरवलं होतं. घरात माणूस हरवलंय आणि आपण चित्रं काय दाखवायची?

मग काकूच बोलल्या. कुणाला म्हणून नाही, अशाच.

"सकाळी उठल्यापास्नं एकच. म्हशीला पाणी दावायचंय, म्हशीला पाणी दावायचंय. मी म्हटलं, अवो, म्हस हाय कुठं आता? इकून तीन वर्सं झाली. तर माझ्याकडं असं बघिटलं, जसं काय मीच येडी."

माझ्या अंगावर काटा आला असं लिहिणार होते, पण तसं झालं नाही. उलट अगदी शांत वाटलं. अवघड गणिताची पहिली पायरी सुटावी तसं. मी विचारलं, "काकू, तुमची म्हैस कशी होती?"

"सुंद्री? चांगली हुती. एक शिंग तेवढं खाली वळल्यालं."

मी पर्स उघडली. काय सांगावं कळेना, म्हणून काहीच न सांगता सलीमनं पाठवलेलं चित्र त्यांच्या पुढं धरलं.

काकूंनी चष्मा लावला. बोटानं स्क्रीनला हात लावला. "ही की आमची सुंद्री. ही कुठं घावली तुमास्नी?"

संदीपनं मोबाईल माझ्या हातातून घेतला. मी जमेल तसं सांगितलं — मशीन, रांग, मिरच्या, नवरी. सांगताना माझं मलाच कळत होतं की हे किती विचित्र वाटतंय. संदीप तापलाच.

"ताई, हे असलं खेळ करायची येळ हाय का ही? तुमचं ते एआय काय बी काढतंय. आमच्या आईला कशाला असलं दावताय?"

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मिस्टर म्हणाले, "अहो, बरोबर आहे तुमचं," आणि मला उठायची खूण केली. तेवढ्यात अश्विनीनं मोबाईल घेतला. तिनं म्हशीकडं बघितलंच नाही. तिनं चित्र बोटांनी मोठं केलं, डोणीच्या कडेला नेलं, आणि तिथंच थांबली.

"दादा, ही तार बघ."

"कसली तार?"

"चपलंची. आयतवारी संध्याकाळी आबांचा अंगठा तुटला. चांभाराकडं न्यायला येळ न्हवता म्हणून मी जुन्या मोटारीची तार गुंडाळली. तीन येढं आणि वर गाठ. ही बघ, गाठ वरच्या अंगाला हाय. मीच मारली."

संदीपनं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग किल्ली खिशात टाकून तो उंबऱ्यावर बसला आणि हळूच म्हणाला, "कुठलं हाय हे ठिकाण?"

ते कुणालाच माहीत नव्हतं. सुंद्रीला जनावरांच्या बाजारात एका व्यापाऱ्याला विकलं होतं. त्यानं पुढं कुणाला दिली, कुठल्या गावात, याचा घरात पत्ता नव्हता. काकूंना नाही, संदीपला नाही. आबांना तर कसला असणार? विकायच्या दिवशी ते घरातून बाहेरही आले नव्हते.

मी ते चित्र ग्रुपवर टाकलं आणि लिहिलं — "ही जागा कुणी ओळखतं का? अश्विनीचे वडील हरवलेत. गंमत नाही." दोन मिनिटांत महेशचा फोन आला. त्यानं सलीमचं हे चित्र आधी बघितलंच नव्हतं.

"अक्का, त्या टाक्या! डोक्यावर पिंपळ आल्याली! आमच्या थोरल्या बहिणीच्या गावाला जाताना लागतात की त्या. कालच्या माझ्या चित्रात टाक्या न्हवत्या, न्हाय तर तवाच वळखलो असतो. जयसिंगपुरास्नं पंधरा मिनिटं. मी निघालोच."

गाव शिरोळ तालुक्यातलं आहे. नाव देत नाही, त्या लोकांना उगाच त्रास नको.

पाऊण तास गेला. काकू अधूनमधून चित्र मागून घ्यायच्या आणि बघून परत द्यायच्या. मला आतून धाकधूक की तिथं काहीच नसलं तर? या घराला मी उगाच आशा लावली आणि शोधायला जाणारी माणसं इथं बसवून ठेवली, असं झालं तर?

मग व्हिडिओ कॉल आला. आधी नुसतं ऊन आणि हलणारी जमीन. मग हिरवं दार. मग डोणी. डोणीला पाठ टेकून जमिनीवर आबा बसले होते, कुणाची तरी चादर पांघरून. म्हैस त्यांच्या डोक्यावरून वाकून पाणी पीत होती.

महेशचा आवाज येत होता, "काका, तुमची लेक हाय बघा फोनवर." आबांनी फोनकडं बघितलं, आणि अश्विनीला म्हणाले, "च्या ठेव. आलोच."

संदीप उंबऱ्यावर बसल्या बसल्या रडला. मोठ्यानं.

आम्ही सगळे गाडी करून गेलो. शेतमालकांना आप्पासाहेब म्हणतात. हसतमुख माणूस. त्यांना आधी कळेनाच की एवढी माणसं कुठून आली.

"सोमवारी दुपारी तीनच्या आसपास आलं पावणं," ते सांगू लागले. "सरळ म्हशीपाशी गेलं. आमची म्हस लई वाईट, परक्याला जवळ येऊ देत न्हाय. ह्यास्नी कायबी केलं न्हाय तिनं. मी इचारलं, पावणं, कुठनं आलासा? तर म्हणालं, सुंद्रीला पाणी दावलं का? मी म्हटलं, हिचं नाव सुंद्री हाय व्हय? आम्ही आपलं काळी म्हणतो. दुसरं नाव न्हाय, गाव न्हाय. रात्री जेवू घातलं, चादर दिली. घरात निजा म्हटलं तर म्हशीजवळनं हलाय तयार न्हाईत. सकाळी पोलीस पाटलाला कळवलं मी. तुमी कसं काय आला?"

महेश म्हणाला, "फोटो आलता." तेही खोटं नव्हतं.

आप्पासाहेबांच्या बायकोनं वेगळंच सांगितलं. म्हैस आणली तेव्हा तिनं आठ-दहा दिवस धारच काढू दिली नव्हती. आणि सोमवारी संध्याकाळी आबा खाली बसले, तिच्या अंगावरून हात फिरवला, आणि म्हशीनं लगेच पान्हा सोडला. "बादली भरली की. आमच्या हातनं एवढं दूध न्हाय दिलं कवा."

मी मात्र दाराकडं बघत होते. "मोटार चालू हाय. हात लाऊ नका." तीच अक्षरं, तोच शुद्धलेखनाचा घोळ, 'का'चा काना खाली थोडा ओघळलेला. मिस्टरांनी दाराला बोट लावलं.

"रंग नवा दिसतोय."

"आयतवारी दिलाय," आप्पासाहेब म्हणाले. "आधी निळा हुता. अक्षर माझंच हाय, हसू नका."

परत येताना मिस्टर मनात हिशेब जुळवत होते. जाताना त्यांचं ठरलेलं होतं — कुणीतरी या जागेचा फोटो कधीतरी नेटवर टाकला असणार, मशीन त्याच्यावर शिकली असणार, बाकी योगायोग. आता रविवारी दिलेला रंग आणि रविवारी गुंडाळलेली तार, हे दोन्ही एका चित्रात कसं आलं, हे त्यांना जुळवता येईना. शेवटी म्हणाले, "मला माहीत नाही." आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून फार वेळा ऐकलेलं नाही.

आबा तिथं कसे पोचले, तेही कळलं नाही. संदीपनं वाटेत विचारलं, "आबा, तुमास्नी म्हस हितं हाय हे कुणी सांगिटलं?" आबा खिडकीतून ऊस बघत होते. म्हणाले, "गाडी आली, बसलो. एवढं काय त्यात?"

त्यानंतर चार-पाच दिवसांनी सलीम आमच्याकडं आला. त्यानं ती तिन्ही चित्रं काढली, प्रत्येकाचा मजकूर आणि आकडा घेतला आणि मशीनला पुन्हा दिला. आता मी आधी सांगितलं त्याप्रमाणे तंतोतंत तीच चित्रं यायला हवी होती. पहिल्यात आल्या नुसत्या मिरच्या, तांब्याचं ताट, दगडी भिंत, सकाळचं ऊन. दुसऱ्यात मांडव आणि नवरी. तिसऱ्यात काळ्या मखमलीवर ठुशी, फार सुरेख. म्हैस नाही. पुन्हा केलं, नाही. पूर्ण दुपार तो करत बसला. माझ्या आधीच्या दहा-बारा कामांचेही आकडे त्यानं देऊन बघितले, ती सगळी चित्रं जशीच्या तशी आली. फक्त ही तीनच बदलली. म्हणाला, "वहिनी, हे हुईतच न्हाय. मजकूर त्योच, आकडा त्योच, मशीन तीच. दुसरं चित्र येऊच शकत न्हाय."

"पण आलं ना?"

"आलं," तो म्हणाला, आणि चहा न घेताच गेला.

अश्विनीचं म्हणणं वेगळं. तिला वाटतं, आबा तिथं बसून घरची आठवण काढत होते, हाक मारत होते, आणि त्यांच्या डोळ्यांपुढं जे होतं ते कसंतरी आमच्यापर्यंत आलं. तिच्या फोल्डरमध्ये का नाही आलं? तर ती त्या दोन दिवसांत मशीनवर आलीच नव्हती. जे कुणी रांगेत होतं त्यांच्याकडं आलं. ऐकायला बरं वाटतं. मीही मान डोलावते.

पण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. माझं मिरच्यांचं चित्र सोमवारी साडेअकराला आलं. आप्पासाहेबांच्या म्हणण्याप्रमाणे आबा शेतात पोचले तीन वाजता. म्हणजे मी म्हैस बघितली तेव्हा आबा तिथं नव्हते. ते तेव्हा कुठं होते — बसमध्ये, स्टँडवर, रस्त्यात — कुणालाच माहीत नाही. त्यांनी ते हिरवं दार तोपर्यंत बघितलेलंच नव्हतं. मग ते कुणी बघितलं होतं? ती हे वाचेल तेव्हा तिला कळेलच. रागावू नकोस गं, मला कसं सांगावं ते समजत नव्हतं.

काकूंना मात्र यातलं काहीच पडलेलं नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "म्हस दिसली, माणूस घावलं. आणि काय पायजे?"

आता अश्विनी दर पंधरा दिवसांनी आबांना आप्पासाहेबांच्या शेतावर नेते. ते धार काढतात, चहा घेतात, परत येतात. आता आबा तिला बऱ्याचदा ओळखत नाहीत, पण सोबत जातात.

मशीन अजून आमच्याच पुढच्या खोलीत आहे. रांग तशीच लागते. तिन्ही चित्रं मी वेगळी ठेवली आहेत. कुणाला या मशीनमधलं खरोखर कळत असेल तर बघून सांगावं. मी वाद घालणार नाही, पण सलीमनं तपासलेलं पुन्हा तपासायला लावीन.

परवा लग्नसराई सुरू झाली आणि महेशनं पुन्हा सकाळी चाळीस कामं लावली. लावल्यावर त्यानं ग्रुपवर सहज लिहिलं, "बघा रे, कुणाकडं म्हस आली तर सांगा." कुणी हसण्याचं चिन्ह टाकलं नाही. मी तर फोन हातात घेऊन नुसती बसले होते.

थोड्या वेळानं अश्विनीचा मेसेज आला.

"न्हाय यायची. आबा घरात हायत."